स्मृतिलिफाफे, विमानदल व मोटारशर्यतविषयक

एखाद्या घटनेच्या, व्यक्तीच्या वा संस्थेच्या स्मरणार्थ मुद्दाम छापलेले आणि प्रसंगानुरूप तिकीट व खास मोहोर असलेले टपाली लिफाफे. डाव्या बाजूस प्रसंगाचे चित्र, उजवीकडे मोहोर उठविलेले तिकीट आणि मागे किंवा आत माहितीपर मजकूर अशी त्यांची सर्वसाधारण मांडणी असते. तिकीट प्रसृत झाल्याच्या दिवसाची मोहोर असल्यास त्यास प्रथम दिवस आवरण म्हणतात. विमानातून प्रत्यक्ष नेलेल्या लिफाफ्यांचा वर्ग याहून निराळा होय. लष्करी विमानोड्डाण व मोटारशर्यत यांना एकत्र आणणारे लिफाफे ब्रिटिश संग्राहकांना विशेष परिचित आहेत.

वरवर पाहता हा मेळ ओढूनताणून जुळविलेला वाटतो. परंतु त्यास भक्कम ऐतिहासिक आधार आहे. इंग्लंडमधील ब्रुकलँड्‌झ येथे १९०७ मध्ये शर्यतींसाठी काँक्रीटचा उतरता मार्ग बांधण्यात आला आणि त्याच्या आवारातच पुढे विमानतळ व विमानांचे कारखाने उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी तेथील शर्यती बंद पडल्या, त्या पुन्हा सुरू झाल्या नाहीत. युद्धानंतर मात्र ओस पडलेले अनेक लष्करी विमानतळ देशभर उपलब्ध झाले. धावपट्ट्यांभोवती विमाने फिरविण्यासाठी केलेला पक्का परिघमार्ग शर्यतीस आयताच उपयोगी पडला. सिल्व्हरस्टोन येथे युद्धकाळात वेलिंग्टन बाँबफेकी विमानांवरील वैमानिकांना प्रशिक्षण दिले जाई. तेथे २ ऑक्टोबर १९४८ रोजी ग्रां प्री शर्यत झाली आणि १३ मे १९५० रोजी जागतिक विजेतेपदाच्या मालिकेतील पहिली शर्यत भरली. गुडवुडचा मार्ग म्हणजे वेस्टहँपनेट विमानतळाचा परिघ. ब्रिटिश वैमानिक डग्लस बेडर हे ९ ऑगस्ट १९४१ रोजी आपल्या अखेरच्या लढाऊ उड्डाणास येथूनच निघाले. या जागी शर्यती भरवाव्यात, अशी सूचना रिचमंडच्या ड्यूकना टोनी गेझ या ऑस्ट्रेलियन लढाऊ वैमानिकाने केली. मार्गाचे उद्‌घाटन १८ सप्टेंबर १९४८ रोजी झाले. गेझ स्वतःही पुढे ग्रां प्री शर्यतींत उतरले. थ्रक्स्टन व स्नेटरटन यांचा इतिहासही असाच आहे. भारतात मद्रासजवळील शोळावरमच्या युद्धकालीन धावपट्टीवर कित्येक वर्षे मोटारशर्यती होत असत. तेव्हा अशा स्थळाचे नाव असलेली मोहोर दोन्ही इतिहासांची खूण ठरते.

व्यक्तींच्या द्वारे जुळणारा संबंध तितकाच महत्त्वाचा आहे. अमेरिकेचा एडी रिकनबॅकर पहिल्या महायुद्धापूर्वी इंडियानापोलिसच्या शर्यतींत गाडी चालवी. युद्धात त्याने २६ हवाई विजय मिळविले व १९२७ मध्ये इंडियानापोलिसचा शर्यतमार्गच विकत घेतला. २५ सप्टेंबर १९१८ च्या लढतीबद्दल त्यास सर्वोच्च सैनिकी पदक देण्यात आले. त्याच्यावरील ६० सेंटचे तिकीट १९९५ साली त्याच तारखेस, त्याच्या कोलंबस या जन्मगावी प्रसृत झाले; त्यामुळे या तिकिटाच्या प्रथम दिवस आवरणावर स्थळ व तिथी दोन्ही अर्थपूर्ण आहेत. इटलीत फ्रांचेस्को बाराक्का या वैमानिकाच्या विमानावरील उधळलेला घोडा त्याच्या मृत्यूनंतर एन्झो फेरारीच्या शर्यतगाड्यांवर आला. बाराक्काच्या आईने तो सुचविला, असे फेरारीने सांगितले आहे.

ब्रिटनने १९९८ मध्ये भूवेगविक्रमांवर काढलेली पाच तिकिटे या दृष्टीने अभ्यसनीय आहेत. त्यांवरील पाच गाड्यांपैकी चार गाड्यांची एंजिने मूळची विमानांची होती. उरलेल्या गाडीचा चालक हेन्री सेग्रेव्ह हा पहिल्या महायुद्धातील जखमी वैमानिक होता. जॉन कॉब याने १९३५ मध्ये ब्रुकलँड्‌झला ताशी सु. २३१ किमी. वेगाने केलेल्या फेरीचा विक्रम अबाधित राहिला. त्या गाडीतही नेपियर कंपनीचे विमानएंजिन होते. ही तिकिटे लावलेल्या लिफाफ्यावर लढाऊ विमानाचे चित्र आले, तर ते अस्थानी म्हणता येणार नाही.

विमानातून टपाल नेण्याची अधिकृत प्रथा १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादहून नैनी येथे झालेल्या उड्डाणापासून सुरू झाली; त्या टपालावर खास मोहोर होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लंडनजवळील हेंडनहून विंझरकडे टपाल गेले. हेंडन येथेच १९७२ मध्ये ब्रिटिश वायुदलाचे संग्रहालय उघडले. संग्रहालयाच्या नावाने निघालेले, वायुदलाच्या विमानांतून फिरवून आणलेले व वैमानिकांच्या सह्यांचे लिफाफे पुढे लोकप्रिय झाले. अशा लिफाफ्यासोबत विमानाचा प्रकार, मार्ग, उड्डाणाचा काळ व चालकांची नावे यांची नोंद असते.

येथे एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. १९११ चे लिफाफे टपाल म्हणून गेले. नंतरचे बहुतेक लिफाफे स्मरणवस्तू म्हणून विमानात ठेवले गेले. मोहोर तिकीट रद्द झाल्याचे सांगते, उड्डाण झाल्याचे नव्हे. शिवाय खास मोहोर पुष्कळदा नेमक्या तारखेनंतरही काही मुदतीपर्यंत उठवून मिळते. म्हणजे मोहोरेवरील तारीख हीच ती उठविल्याची तारीख असेल, असे नाही. टपालेतिहासाचे कडवे अभ्यासक या कारणास्तव असे सर्वच लिफाफे बनावटीचे मानून बाजूस सारतात. प्रस्तुत लेखकास ही भूमिका टोकाची वाटते. सिल्व्हरस्टोनच्या मोहोरेच्या लिफाफ्यावर तेथे प्रशिक्षण घेतलेल्या वैमानिकाची खरी सही असेल, तर तो लिफाफा त्या माणसाने हाताळलेला कागद आहे आणि पिढी सरल्यावर तसा दुसरा होणे नाही. उलट, स्थळाशी वा प्रसंगाशी काडीचाही संबंध नसलेल्या नामवंताची सही घेऊन महाग विकलेला लिफाफा कितीही देखणा असला, तरी साक्ष म्हणून निरुपयोगीच.

सहीची परीक्षा म्हणूनच सर्वांत महत्त्वाची ठरते. छापील सही भिंगाखाली ठिपक्यांची दिसू शकते. शाईच्या सहीत लेखणीचा दाब कमीजास्त होतो व रेषा जेथे रेषेला छेदते तेथे शाई दाट होते. यंत्राच्या साहाय्याने केलेली सही ओळखणे अधिक अवघड असते, कारण तीत खरी शाई वापरलेली असते. अशा वेळी एकाच व्यक्तीची सही असलेले दोन लिफाफे एकमेकांवर ठेवून उजेडासमोर धरतात. माणूस दोन सह्या कधीही तंतोतंत सारख्या करीत नाही. रेषेवर रेष बसली, तर दोन्ही सह्या यंत्राच्या समजाव्यात.