युद्धातल्या मुलांच्या कथा : कोण जगले आणि कोणी सांगितले

अ‍ॅन फ्रँकची रोजनिशी 25 जून 1947 रोजी अ‍ॅमस्टरडॅममध्ये पुस्तकरूपाने आली. युद्धातल्या मुलांच्या आधुनिक कथांचा मागोवा बहुधा इथूनच सुरू होतो. ही रोजनिशी एका निरागस मुलीच्या सहज नोंदी म्हणून वाचली जाते, ते अर्धेच खरे. मार्च 1944 मध्ये लंडनहून चालणाऱ्या डच रेडिओवर मंत्री बोल्केस्टाइन यांनी लोकांना रोजनिश्या आणि पत्रे जपून ठेवण्याचे आवाहन केले. त्यानंतर अ‍ॅनने जुन्या नोंदी पुस्तकाच्या हिशेबाने पुन्हा लिहायला घेतल्या. म्हणजे 4 ऑगस्टच्या अटकेपूर्वी ती लेखिका म्हणून कामाला लागली होती. 1945 च्या सुरुवातीला बेर्गेन-बेल्झनच्या छावणीत तिचा अंत झाला. पुढे वडिलांनी दोन्ही खर्डे जुळवून आणि काही मजकूर गाळून पुस्तक सिद्ध केले, आणि 1955 च्या ब्रॉडवेवरील नाटकाने तिची आशावादी प्रतिमा जगभर नेली. लिहायला मात्र तिला लपण्याची जागा, बाहेरून शिधा आणून देणारी माणसे आणि कागद लागला. यांतले काहीच नसलेली मुले संख्येने कितीतरी अधिक होती.

वॉर्सातल्या ज्यूंच्या कोंडवाड्यात यानुश कॉर्चाक यांनी जुलै 1942 मध्ये आपल्या अनाथाश्रमातील मुलांकडून रवींद्रनाथांचे ‘डाकघर’ करवून घेतले. मरणाला सामोऱ्या जाणाऱ्या आजारी मुलाचे हे नाटक. पुढच्याच महिन्यात ती मुले आणि कॉर्चाक यांना ट्रेब्लिंकाला नेऊन मारण्यात आले. त्या मुलांची गोष्ट आज माहीत आहे ती मुख्यतः त्यांच्या या शिक्षकामुळे.

कोणाची कथा उरते, हा प्रश्न भारतातही दिसतो. 1943 मध्ये कोल्हापूरजवळ वळिवडे येथे पोलिश निर्वासितांची वसाहत उभी राहिली. सोव्हिएत हद्दीतल्या हद्दपारीतून वाचलेले सुमारे 5,000 लोक, त्यांत बहुसंख्य बायका-मुले, 1948 पर्यंत तिथे राहिले. त्यांना शाळा मिळाली, चर्च मिळाले, आणि पुढे त्यांतल्या अनेकांनी आठवणीही लिहिल्या. 1943 मध्येच बंगालमध्ये दुष्काळाने माणसे रस्त्यावर मरत होती. बळींचा अंदाज 30 लाखांपर्यंत जातो. जपानी सैन्य येईल या भीतीने सरकारने किनारपट्टीतील होड्या काढून घेतल्या होत्या, तांदूळ उचलला होता, भाव आकाशाला भिडले होते. ही मुलेही युद्धाचीच मुले. पण त्यांच्या हातची रोजनिशी उरली नाही. त्यांची चित्रे झैनुल आबेदिन आणि चित्तप्रसाद यांनी काढली, आणि चित्तप्रसाद यांच्या ‘हंग्री बेंगॉल’ या पुस्तिकेच्या प्रती सरकारने जप्त करून नष्ट केल्या. वळिवड्याच्या मुलांना आसरा मिळाला हे चांगलेच झाले. पण साम्राज्याच्या हिशेबात कोणते मूल कोणत्या रकान्यात पडत होते, तेही यातून दिसते.

युरोपात युद्ध संपताच सिनेमाने मुलाला मध्यभागी आणले. रोबेर्तो रोसेलिनी यांच्या ‘जर्मनी, इयर झीरो’मध्ये (1948) उद्ध्वस्त बर्लिनमधला बारा वर्षांचा एडमुंड घर पोसायला धडपडतो. दुबळ्यांनी जगू नये हा नाझी शिक्षकाचा विचार तो शब्दशः घेतो, आजारी बापाला विष देतो आणि स्वतःही जीव देतो. सत्ता हरली तरी तिची शिकवण मुलाच्या डोक्यात जिवंत आहे, असे हा चित्रपट कसलीही दयामाया न दाखवता सांगतो. व्लादिमिर बोगोमोलोव्ह यांच्या कथेवरून तारकोव्स्की यांनी 1962 मध्ये केलेल्या ‘इव्हान्स चाइल्डहूड’मध्ये बारा वर्षांचा इव्हान लाल सैन्यासाठी टेहळणी करतो. त्याला जपू पाहणारे अधिकारी त्याला वापरूनही घेतात.

स्वकीयांच्या क्रौर्याबद्दल सर्वांत बोचरे लिहिले ते जपानमध्ये. अकियुकी नोसाका यांचे कोबेतले घर जून 1945 च्या हवाई हल्ल्यात जळाले आणि दोन महिन्यांनी त्यांची मानलेली तान्ही बहीण उपासमारीने गेली. ‘काजव्यांचे थडगे’ अशा अर्थाचे नाव असलेली त्यांची कथा 1967 मध्ये आली आणि तिला नाओकी पारितोषिक मिळाले. चौदा वर्षांचा सेइता आणि चार वर्षांची सेत्सुको यांची आई बॉम्बहल्ल्यात मरते. पुढचे काम मात्र शत्रू करत नाही. आईचे किमोनो देऊन आणलेला तांदूळ नातेवाईक बाईच्या घरात आधी कमावत्यांच्या वाट्याला जातो, आणि या दोघांना पातळ पेज उरते. नौदल अधिकाऱ्याचा मुलगा म्हणून वाढलेला सेइता मान तुकवत नाही. बहिणीला घेऊन तळ्याकाठच्या आसऱ्याला जातो. त्या बाईला खलनायिका ठरवणे सोपे आहे. पण तिचा हिशेब सरकारचाच होता: जो युद्धाच्या उपयोगाचा, त्याला आधी भात. आपण सेइताइतके प्रेमळ नव्हतो, बहिणीच्या वाट्याचे स्वतःच खात होतो, अशी कबुली नोसाकांनी पुढे दिली. म्हणून ही कथा जगून राहिलेल्या भावाने मेलेल्या बहिणीपुढे ठेवलेला जबाब ठरते. इसाओ ताकाहाता यांनी 1988 मध्ये त्यावर अ‍ॅनिमेशनपट केला, तेव्हा ‘युद्धविरोधी’ हे लेबल त्यांना मान्य नव्हते. रडून मोकळे होणारे प्रेक्षक पाहता त्यांची तक्रार रास्त वाटते.

केइजी नाकाझावा सहा वर्षांचे असताना हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. 1973 पासून आलेल्या त्यांच्या ‘बेअरफूट गेन’ या चित्रमालिकेत गेनचे वडील युद्धाला विरोध करतात म्हणून शेजारपाजार या कुटुंबाला देशद्रोही ठरवतो. साथ देतो तो एक कोरियन शेजारी, ज्याला स्वतःलाच त्या समाजात कमी लेखले जाते. बॉम्बनंतर भाजलेल्या माणसांना घरात घ्यायलाही लोक कचरतात. हे सगळे मुलांच्या साप्ताहिकात छापले गेले, हे विशेष. 2012 मध्ये मात्सुए शहरात शालेय ग्रंथालयांतून ही मालिका मुलांना खुली देऊ नये असे फर्मान निघाले. पुढच्या वर्षी ते मागे घ्यावे लागले.

1985-86 च्या सुमारास निरागसतेची चौकट जवळजवळ मोडून पडली. स्वेतलाना अलेक्सियेविच यांनी ‘शेवटचे साक्षीदार’मध्ये युद्धकाळी लहान असलेल्या प्रौढांच्या आठवणी जवळपास तशाच मांडल्या. एलेम क्लिमोव्ह यांच्या ‘कम अँड सी’मध्ये बेलारूसचा फ्लोरा वाळूत पुरलेली बंदूक उकरून स्वखुशीने गनिमी सैनिकांना सामील होतो आणि थोड्याच दिवसांत म्हातारा दिसू लागतो. हंगेरीतून 1956 मध्ये पळालेल्या आगोता क्रिस्तोफ यांनी फ्रेंचमध्ये लिहिलेल्या ‘ल ग्रां काये’तील जुळे भाऊ उपास, मार आणि शिव्या सोसण्याचा सराव करतात, आणि वहीत भावना व्यक्त करणारा शब्द येऊ देत नाहीत. जगण्यासाठी निर्दय होणे हे इथे कौशल्य आहे, शिकून घेतलेले.

पुढचा टप्पा आफ्रिकेतला. अहमदू कुरुमा यांची ‘अल्ला नेपा ओब्लिजे’ (2000) ही कादंबरी जिबूतीतल्या मुलांच्या मागणीवरून लिहिली गेली. तिचा निवेदक बिराहिमा लायबेरिया आणि सिएरा लिओनच्या युद्धांत लढतो, चार शब्दकोश चाळत शिवराळ भाषेत आपली हकिकत सांगतो. शब्दकोश का, तर वसाहतीच्या भाषेत बोलल्याशिवाय त्याचे कोणी ऐकणार नाही. उझोदिन्मा इवेआला यांची ‘बीस्ट्स ऑफ नो नेशन’ 2005 मध्ये आली, इश्माएल बीआ यांच्या सिएरा लिओनच्या आठवणी 2007 मध्ये. बीआंच्या तपशिलांवर एका ऑस्ट्रेलियन वृत्तपत्राने शंका घेतली. ते आपल्या शब्दावर ठाम राहिले. बंदूकधारी मुलगा पाश्चात्त्य बाजारात खपू लागला तेव्हा स्वयंपाक, ओझी आणि लैंगिक गुलामगिरी यांसाठी पळवलेल्या मुली कथेच्या कडेलाच होत्या. ‘रेबेल’ (2012) या कॅनेडियन चित्रपटात बारा वर्षांची कोमोना स्वतः बोलते, पण असे अपवाद थोडे.

कायदाही याच काळात सरकला. 1989 च्या बालहक्क कराराने युद्धात थेट उतरवण्याची किमान मर्यादा 15 वर्षांवर ठेवली. 2000 च्या पूरक कराराने ती 18 केली. 2012 मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने काँगोतील थॉमस लुबांगा यांना मुलांची भरती केल्याबद्दल दोषी ठरवले. युगांडाचे डॉमिनिक ऑंगवेन यांना मात्र बंडखोरांनी लहानपणीच पळवून नेले होते आणि त्याच सैन्यात ते सेनानी झाले. 2021 मध्ये न्यायालयाने त्यांना 25 वर्षांची शिक्षा दिली. बालपणीचे अपहरण गुन्ह्यातून सुटका देत नाही, असे न्यायालयाने धरले, आणि शिक्षा ठरवताना ते हिशेबातही घेतले.