स्वस्त आणि अचूक : लक्ष्यवेधासाठी पिस्तुलाची निवड

पिस्तूल हा शब्द कानी पडताच सामान्य गृहस्थ दचकतो, आणि त्यात गैर काही नाही. जीव घेऊ शकणारी ही वस्तू आहे, हे कोणी विसरता कामा नये. तथापि तिचेच एक भावंड असे आहे की, ज्याचे सारे काम कागदावरील काळ्या वर्तुळाचा मध्य शोधण्यापुरते असते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१३ मध्ये चांगवॉन येथील विश्वचषक स्पर्धेत आणि २०१८ मध्ये आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविले, ते अशाच २५ मीटर अंतरावरील पिस्तुलाच्या प्रकारात. पुढे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकर यांनी हवेच्या पिस्तुलाने दोन कांस्यपदके जिंकली आणि या खेळाचे नाव घरोघरी पोहोचले.

सुरत शहरात ताप्ती खोऱ्याच्या लोहमार्गाने खानदेशातून येऊन स्थायिक झालेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. उधना किंवा लिंबायत भागातील अशा एखाद्या घरची मुलगी नेमबाजी शिकण्याचा हट्ट धरते, अशी कल्पना करावी. वडील यंत्रमागावर किंवा हिऱ्याच्या कारखान्यात काम करणारे. गाठीशी थोडी शिल्लक. त्यांचा पहिला प्रश्न असतो, “पिस्तूल कोणते घ्यावे, आणि ते आपल्याला परवडेल का?” या प्रश्नाचे उत्तर चुकले, तर पैसा जातो, मुलीचा उत्साह मावळतो आणि क्वचित कायद्याचे बालंटही येते. म्हणून हा विषय पायरीपायरीने समजून घेणे इष्ट आहे.

सामान्यतः इच्छा असते ती अर्धस्वयंचलित पिस्तुलाची. अर्धस्वयंचलित म्हणजे काय? चाप एकदा ओढला की गोळी एकच सुटते. परंतु त्या स्फोटाच्याच जोराने आतील दट्ट्या मागे सरकतो, रिकामे काडतूस बाहेर फेकतो आणि स्प्रिंगच्या बळाने पुढे येताना मुठीतील मॅगझीनमधून नवे काडतूस नळीत बसवितो. पुढच्या गोळीसाठी चाप पुन्हा ओढावाच लागतो. २५ मीटरच्या स्पर्धेत ५ गोळ्यांची एक फेरी असते, आणि जलद फेरीत लक्ष्य दर वेळी केवळ ३ सेकंद समोर येते. तेथे हीच रचना उपयोगी पडते. या पिस्तुलात वापरतात ते ०.२२ इंची लहान काडतूस. त्याचा धक्का सौम्य असतो आणि मोठ्या काडतुसांच्या मानाने ते स्वस्तही असते.

जे स्वस्त ते अचूक नसणार, अशी एक समजूत आहे. ती सर्वस्वी खरी नाही. १९४९ मध्ये अमेरिकेत विल्यम रुगर आणि अलेक्झांडर स्टर्म यांनी अवघ्या साडेसदतीस डॉलरला एक ०.२२ इंची पिस्तूल बाजारात आणले. मुठीचा सांगाडा त्यांनी पत्र्याचे दोन भाग साच्यात दाबून आणि सांधून बनविला. तेथे खर्च वाचला. पण नळी मात्र एका भक्कम नळकांड्यात घट्ट बसविली. गोळी सुटताना आतला दट्ट्या तेवढा हलतो. नळी आणि नेम धरण्याच्या खुणा जागच्या हलत नाहीत. म्हणूनच ते स्वस्त पिस्तूल नेमबाजांच्या पसंतीस उतरले. काटकसर कोठे करावी आणि कोठे करू नये, याचा हा उत्तम वस्तुपाठ होय.

नेम धरण्याच्या खुणांचे महत्त्व शाळेतील भूमितीनेच पटते. पिस्तुलाच्या टोकाला एक उभी माशी असते आणि मागे एक खाच. माशी खाचेच्या बरोबर मध्ये दिसली पाहिजे. स्पर्धेच्या ०.२२ इंची पिस्तुलात या दोहोंतील अंतर जास्तीत जास्त २२० मिलिमीटर असते आणि लक्ष्य असते २५ मीटरवर, म्हणजे सुमारे ११४ पट दूर. आता माशी खाचेत केवळ १ मिलिमीटर बाजूला सरकली, तर समरूप त्रिकोणांच्या नियमाने गोळी लक्ष्यावर सुमारे ११४ मिलिमीटर बाजूला पडेल. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास आहे ५० मिलिमीटर. म्हणजे ही गोळी सहाव्या वर्तुळात गेली. उलट संपूर्ण हातच १ मिलिमीटर बाजूला सरकला, पण माशी आणि खाच एका रेषेत राहिली, तर चूकही १ मिलिमीटरचीच होते. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. मागची खाच बारीक स्क्रूने वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकविता येणारी हवी. आणि चाप असा हवा की, तो ओढताना माशी ढळू नये.

स्पर्धेच्या नियमानुसार ०.२२ इंची पिस्तुलाचा चाप किमान १००० ग्रॅम भार पेलणारा असावा लागतो. १० मीटरच्या हवेच्या पिस्तुलाला किमान ५०० ग्रॅम पुरतात. केवळ हलका चाप म्हणजे चांगला चाप नव्हे. तो कोठेही न अडखळता, प्रत्येक वेळी एकाच बिंदूवर सुटला पाहिजे. तिसरी गोष्ट मुठीची. लाकडी मूठ हाताच्या मापाची नसेल, तर मनगट दर वेळी वेगळ्या कोनात बसते. मूठ तासून किंवा भर घालून मापाची करता येते, आणि त्याचा खर्च नव्या पिस्तुलाच्या मानाने किरकोळ असतो.

पिस्तूल पारखण्याची रीतही सोपी आहे. नेमबाजी केंद्रात प्रशिक्षकासमक्ष हात वाळूच्या पिशवीवर टेकवून ५ गोळ्या झाडाव्यात. २५ मीटरवर त्या पाचही दहा गुणांच्या वर्तुळात मावतील एवढ्या जवळ पडल्या, तर त्या पिस्तुलात उणे नाही. पुढे गुण गेले, तर दोष हाताचा समजावा. गोळ्या विखुरल्या, तर दुसऱ्या बनावटीची काडतुसे लावून पाहावे, कारण प्रत्येक नळीला सगळीच काडतुसे सारखी मानवत नाहीत.

येथवर यंत्राचा विचार झाला. आता कायद्याचा विचार केला पाहिजे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार ०.२२ इंची पिस्तूल बाळगण्यास परवाना लागतो आणि साधारणतः २१ वर्षांखालील व्यक्तीला तो मिळत नाही. परदेशी बनावटीची स्पर्धेची पिस्तुले मनाला येईल तशी मागविता येत नाहीत. ती सवलत नामांकित नेमबाजांसाठी आहे. देशात सरकारी कारखान्यांनी बनविलेली ०.३२ इंची पिस्तुले परवानाधारकांना मिळतात खरी. पण ती स्वसंरक्षणासाठी घडविलेली असतात. स्वस्त म्हणून ती लक्ष्यवेधासाठी घेणे म्हणजे सोनाराच्या कामासाठी लोहाराचा हातोडा घेण्यासारखे आहे. आणि कोणी चोरट्या मार्गाने गावठी पिस्तूल देऊ केले, तर त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नये. तो तुरुंगाचा रस्ता आहे. शिवाय अशी नळी वापरणाऱ्याच्याच हातात फुटू शकते.

मग त्या सुरतेच्या मुलीने काय करावे? तिच्यासाठी एक सरळ वाट मोकळी आहे. ज्याच्या छऱ्याचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा अधिक नाही आणि ज्याची ऊर्जा २० जूलपेक्षा अधिक नाही, अशा हवेच्या शस्त्राला २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. स्पर्धेचे हवेचे पिस्तूल या मर्यादेच्या पुष्कळ आत बसते. ते अर्धस्वयंचलित नसते; प्रत्येक छर्रा हाताने भरावा लागतो. परंतु माशी, चाप आणि मूठ यांचे सर्व शिक्षण त्यावरच उत्तम होते. १० मीटरवर दहा गुणांचे वर्तुळ अवघे ११.५ मिलिमीटरचे असते. तेथे बसलेला हात पुढे २५ मीटरवरही उपयोगी पडतो. छरे काडतुसांहून खूप स्वस्त पडतात. स्पर्धेच्या बहुतेक हवेच्या पिस्तुलांत छर्रा न भरता नुसता चाप ओढून सराव करण्याची सोय असते, त्या सरावाला तर काहीच खर्च नाही.

म्हणून पहिले काही महिने मान्यताप्राप्त संस्थेचेच पिस्तूल वापरावे. हात स्थिरावला, गोडी टिकली, की स्वतःचे हवेचे पिस्तूल घ्यावे. ते जुने घ्यावयाचे असल्यास हवेच्या नळकांड्यावरील तारीख पाहावी. त्याची मुदत जास्तीत जास्त १० वर्षांची असते, आणि मुदत संपलेले नळकांडे स्पर्धेत चालत नाही. ०.२२ इंची अर्धस्वयंचलित पिस्तुलाचा विचार त्यानंतर, प्रशिक्षकाच्या सल्ल्याने करावा.

त्या वेळी एक धोका मात्र कायम ध्यानात ठेवावा. अर्धस्वयंचलित पिस्तुलाचे मॅगझीन काढले म्हणजे ते रिकामे झाले असे नव्हे. एक काडतूस नळीत बसलेले असू शकते. दट्ट्या मागे ओढून, नळी डोळ्यांनी पाहून, तीत रंगीत सुरक्षादोरी घातल्याखेरीज पिस्तूल खाली ठेवू नये. घरी ते कुलपातच असावे.

या खेळाची मध्यवर्ती संस्था, नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया, १९५१ मध्ये स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर हे बडोद्यात जन्मलेले, अहमदाबादेत वकिली केलेले मराठी गृहस्थ आणि लोकसभेचे पहिले सभापती होते. त्यांच्या नावाने देशात नेमबाजीची स्पर्धा भरते. गुजरातेतील मराठी मुलीला हा खेळ परका वाटण्याचे कारण नाही.

हंगेरीच्या कारोली ताकाच यांचा उजवा हात १९३८ मध्ये हातबाँबच्या स्फोटाने निकामी झाला. त्यांनी डाव्या हाताने नव्याने सराव केला आणि १९४८ व १९५२ या दोन ऑलिंपिकमध्ये जलद पिस्तूल प्रकाराचे सुवर्णपदक जिंकले. त्यांचे यश विकत घेतलेले नव्हते. गाठीची शिल्लक खर्च करण्यापूर्वी वडिलांनी मुलीला घेऊन एखाद्या रविवारी जवळच्या नेमबाजी केंद्रात जावे, तिच्या हाती संस्थेचे पिस्तूल द्यावे आणि दहा छरे झाडून झाल्यावर तिला आणखी दहा हवे आहेत का, एवढे विचारावे. पुढचा खर्च करावा की नाही, हे त्या उत्तरावरून ठरविता येईल.