वसाहतीतला रस्ता किती रुंद हवा?

वर्ध्याहून सुमारे ८ किलोमीटरवरच्या सेवाग्राम आश्रमात तुमच्यापैकी अनेकांची सहल गेली असेल. बापूकुटी पाहिलीत, पण तेथील वाटा पाहिल्यात काय? गाड्या बाहेरच थांबतात. आदिनिवास, बा-कुटी, आखरी निवास, सगळीकडे पायीच जायचे. मधली जमीन मोकळी आणि झाडांची. १९३६ साली गांधीजी येथे राहायला आले तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. घर तेथल्याच सामानाने आणि १०० रुपयांच्या आत व्हावे, अशी त्यांची अट होती. त्या हिशेबात पक्का रस्ता कोठून बसणार!

आज शहरालगतच्या शेतांचे प्लॉट पडतात, तेव्हा घरांच्या आधी रस्ते आखले जातात. त्यांच्या रुंदीचा विहिरीशी काय संबंध, असे तुम्ही विचाराल. गणितच करू या.

६ मीटर रुंद आणि १०० मीटर लांब डांबरी रस्ता म्हणजे ६०० चौरस मीटर. त्यावर १ सेंटिमीटर पाऊस पडला की झाले ६,००० लिटर पाणी. वर्धा जिल्ह्यात वर्षाला साधारण १ मीटर पाऊस होतो. म्हणजे ६ लाख लिटर! डांबर ते पीत नाही. ते गटारात जाते, आणि वैशाखात विहीर तळ दाखवते. शिवाय उन्हाने तापलेले डांबर रात्रीही धग सोडत राहते, ती वेगळीच.

आता समजा, ८ घरे रस्त्यापासून १५ मीटर आत आहेत. प्रत्येकाची स्वतंत्र गाडीवाट ३ मीटर रुंद धरली, तर ३६० चौरस मीटर जमीन फरसबंद झाली. तीच घरे एका चौकाभोवती बसवून ४ मीटर रुंद, ४० मीटर लांब सामाईक वाट दिली, तर १६० मध्ये भागते. टोकाला गाडी वळवण्यापुरती जागा मात्र सोडावीच लागते. रुग्णवाहिका उलटी चालत बाहेर यावी, हे बरे नव्हे. बाकी ये-जा मुरमाच्या पायवाटांनी.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील डेव्हिस गावी १९७० नंतरच्या दशकात ‘व्हिलेज होम्स’ ही वसाहत अशीच आखली गेली. रस्ते अरुंद आणि पुढे बंद, घरांमागून पायवाटा, आणि पावसाचे पाणी नळांऐवजी गवताच्या उथळ चरांतून. हे चालेल का, अशी शंका नगराच्या अभियंत्यांना होती. चर पुरेसे ठरले.

पण तो नकाशा जसाच्या तसा वर्ध्यात आणून चालणार नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. पहिल्या सरी ती गटागटा पिते. मग मात्र ती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी वरच तुंबते. नुसता गवताचा चर येथे डबके होईल. काळ्या थराखाली पुष्कळ ठिकाणी मुरूम लागतो, म्हणजे झिजलेला काळा दगड. त्यातून पाणी मुरते. तेव्हा वाटेच्या कडेचा चर मुरमापर्यंत खणून दगडगोट्यांनी भरावा. काळा थर जाड असेल तर मधूनमधून शोषखड्डे घ्यावेत. वाट किंचित उतरती ठेवली की पाणी आपोआप तिकडे वळते.

खरे-खोटे तुम्हीच पाहा. तळ काढलेला पत्र्याचा डबा काळ्या जमिनीत चार बोटे रोवा, तांब्याभर पाणी ओता आणि ते मुरायला किती मिनिटे लागतात ते लिहून ठेवा. एकदा मे महिन्यात करा, एकदा ऑगस्टमध्ये. मग तोच डबा मुरमाच्या वाटेवर रोवून पाहा.