ग्लिसरीनचं कूळ

क्रीम, फेसवॉश, लिपस्टिक, काहीही उलटून पाहा. घटकांच्या यादीत बहुधा ग्लिसरीन असतंच. ते पाम तेलातून निघतं, तसंच गाईच्या किंवा डुकराच्या चरबीतूनही. रेणू मात्र तोच: तीन कार्बन, आठ हायड्रोजन, तीन ऑक्सिजन. शुद्धीकरणात डीएनएही टिकत नाही, त्यामुळे नुसत्या बाटलीवरून त्याचं कूळ ओळखणं प्रयोगशाळेलाही जड जातं.

म्हणूनच हलाल प्रसाधनांचा निम्मा कारभार कागदावर चालतो. इंडोनेशियाच्या २०१४ च्या कायद्याखाली प्रसाधनांना हलाल प्रमाणपत्र सक्तीचं आहे. मुदत १७ ऑक्टोबर २०२६. त्यासाठी कारखानदाराला पुरवठादाराचा पुरवठादार गाठावा लागतो: चरबी कुठली, कोलॅजन कोणत्या जनावराचं, ब्रशचे केस कशाचे.

खरी गंमत टँकरची. आधीच्या खेपेत डुकराची चरबी वाहिली असेल, तर माल निर्मळ असूनही बाद! मलेशियात डुकराची चरबी लागलेली यंत्रं आणि भांडी सात वेळा धुतात, त्यातली एक धुलाई माती कालवलेल्या पाण्याची. चकचकीत स्टीलच्या टाकीत चिखल ओतताना अभियंत्याला काय वाटत असेल!

प्रमाणपत्राची सक्ती असली, तरी इंडोनेशियात हलाल नसलेला मालही विकता येतो, फक्त वेष्टनावर तसं स्पष्ट छापावं लागतं.