कासवाचे बेणे



देवळात पाऊल टाकले की सभामंडपात आधी दिसते ते दगडी कासव. त्याला हात लावून तो कपाळाला लावायचा आणि मगच गाभाऱ्याकडे वळायचे, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. कीर्तनातही कासवीचा दृष्टांत हटकून येतो. तिला दूध नाही, पण ती दुरून नुसत्या नजरेने पिलांना पोसते. एवढा मान दिलेला हा जीव आपल्या नदीत, ओढ्यात, विहिरीत कसा जगतो याची विचारपूस मात्र आपण क्वचितच करतो. म्हणून या अंकात ऊस थोडा बाजूला ठेवून कासवाविषयी चार गोष्टी सांगाव्यात असे आम्ही ठरवले. अगदीच बाजूला नव्हे, कारण शेवटी गाडी बेण्यावरच येणार आहे.

आधी या जीवाचे वय पाहू. प्रचंड आकाराचे डायनासोर पृथ्वीवरून नाहीसे झाले त्याला सुमारे साडेसहा कोटी वर्षे झाली. कासवे त्यांच्याही कितीतरी आधीपासून आहेत आणि अजून आहेत. चीनमध्ये सापडलेल्या सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीच्या एका कासवाची माहिती २००८ साली प्रसिद्ध झाली. त्याच्या तोंडात दात होते. पोटाकडचे कवच पुरे झालेले, पण पाठीवरचे अजून व्हायचे होते. म्हणजे हे घर एका दिवसात बांधून झाले नाही. आधी जोते झाले आणि छप्पर मागाहून पडले म्हणा ना!

आणि हे छप्पर कशाचे? पुष्कळांची समजूत अशी की कासव शंखातल्या गोगलगाईसारखे कवचात राहते, जमले तर बाहेरही येईल. तसे नाही. कवच म्हणजे त्याच्या बरगड्या आणि पाठीचा कणाच. त्याच रुंद होऊन एकमेकींत सांधल्या गेल्या आहेत. आपल्या खांद्याची पाती बरगड्यांच्या बाहेर असतात, कासवाची बरगड्यांच्या आत. अशी रचना दुसऱ्या कोणत्याही प्राण्यात नाही. छाती फुगवता येत नाही म्हणून पोटाच्या स्नायूंनी ते श्वास ओढते. कवचाला मार बसला म्हणजे हाडालाच मार बसला, हे ध्यानात ठेवावे.

आता नजरेने पिले पोसण्याची गोष्ट. दृष्टांत म्हणून तो गोडच आहे, पण प्रत्यक्षात मादी जमिनीत खड्डा करते, अंडी घालते, माती किंवा वाळू लोटून चापून बसवते आणि निघून जाते. पिलाची शिदोरी अंड्यातल्या बलकातच बांधलेली असते. कोकण किनाऱ्यावर येणारी ऑलिव्ह रिडले कासवी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते. ४५ ते ६० दिवसांत पिले बाहेर पडतात. गंमत म्हणजे नर की मादी हे वाळूची ऊब ठरवते. वाळू गरम असेल तर माद्या जास्त, थंड असेल तर नर जास्त. हवामान तापत चालले आहे त्याची काळजी शास्त्रज्ञांना वाटते ती यामुळेच.

शंभर अंडी म्हटल्यावर कोणीही म्हणेल, "मग काय कमी आहे? एखादे गेले तर गेले!" इथेच तर घोटाळा होतो. त्या पिलांतली बहुतेक खेकडे, पक्षी आणि मासे यांच्या तोंडी जातात. हजारात एखादेच मोठे होते असे सांगतात. आणि मोठे व्हायला किती काळ? समुद्री कासवीला अंड्यावर यायलाच दहा-पंधरा वर्षे, काही जातींत वीस-तीस वर्षे लागतात. त्यानंतर मात्र ती वर्षानुवर्षे अंडी देत राहते.

सभासदांना हा हिशेब समजायला अवघड नाही. बेणेमळ्यातला निवडक ऊस कितीही रसाळ दिसला तरी आपण तो गाळपाला धाडत नाही. पुढच्या लावणी त्यावर उभ्या असतात. वयात आलेली कासवी म्हणजे असाच बेणेमळा, आणि तोही वीस वर्षे पाणी घालून वाढवलेला. तो तोडला तर पुढच्या हंगामात भरून निघत नाही. १९८७ साली अमेरिकेतील तीन संशोधकांनी तिकडच्या समुद्री कासवांचा असाच हिशेब मांडला. निष्कर्ष असा की नुसती अंडी राखून संख्या सावरत नाही. मोठी आणि वाढीला लागलेली कासवे वाचवली तरच ती सावरते. पुढे कोळंबीच्या जाळ्यांना कासवाला निसटता येईल अशी झडप बसवण्याकडे लक्ष गेले, त्यामागे हा हिशेबही होता.

अंड्यांची राखण वाया जाते असा याचा अर्थ नव्हे. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातले वेळास गाव पाहा. पूर्वी घरटी उकरून अंडी नेली जात. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. पिले समुद्राकडे धावताना पाहायला आता लांबून लोक येतात, गावातल्या घरांत उतरतात, आणि चार पैसे गावात राहतात. हे सहकाराचेच काम झाले! पण तिथून निघालेली कासवे पुढे किती दूर जातात पाहा. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर खुणेचा बिल्ला लावलेली एक मादी २०२५ साली गुहागरला अंडी घालताना आढळली. एका गावाने राखून भागत नाही, वाटेवरच्या सगळ्यांनीच राखावे लागते.

"समुद्राचे सांगून आम्हांला काय उपयोग? आमच्याकडं कुठला समुद्र?" असे कोणी विचारील. ठीक आहे, आपल्या नदीवर येऊ. कृष्णा, भीमा, गोदावरी या नद्यांत लीथचे मऊ पाठीचे कासव आहे. भारताबाहेर ते कुठेही नाही, आणि जागतिक यादीत त्याची नोंद नामशेष होण्याच्या अगदी कडेला आलेल्या जातींत आहे. तळ्यात, ओढ्यात, भातखाचरात आढळणारी लहान मऊ पाठीची आणि काळी कासवेही आपलीच. गोगलगाई, मासे, मेलेली जनावरे खाऊन ती पाणी स्वच्छ ठेवायला हातभार लावतात. समुद्राच्या मानाने यांची अंडी फारच थोडी. म्हणजे इथे बेणे मोडल्याचा फटका आणखीच मोठा.

हे बेणे मोडते कुठे, ते स्पष्टच बोलू. वाळूउपशाने अंडी घालायचा काठ जातो. प्रक्रिया न केलेले मळीचे पाणी, मग ते कोणत्याही कारखान्याचे असो, नदीत गेले की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. कासवाचे अन्नच नाहीसे होते. हे आपल्या धंद्याचे अंग आहे, म्हणून सर्वसाधारण सभेत त्याबद्दल प्रश्न विचारणे हा सभासदाचा हक्क तर आहेच, पण कर्तव्यही आहे.

दुसरी गोष्ट विहिरीची. "आमच्या हिरीत हाय की एक, पाणी साफ ठेवतंय," असे कौतुकाने सांगणारे पुष्कळ भेटतात. पण बांधीव विहिरीतून कासवीला वर येता येत नाही, आणि अंडी तर ती मातीतच घालते. कितीही वर्षे जगली तरी तिचा वंश तिथेच संपतो.

तिसरी गोष्ट वीस नखांची. वीस नखी कासवाने पैशाचा पाऊस पडतो अशी थाप मारून लोकांना लुबाडणाऱ्या टोळ्या फिरतात. काळ्या कासवाला पुढे पाच-पाच, मागे चार-चार अशी अठरा नखे असतात, मऊ पाठीच्याला प्रत्येक पायाला तीनच. वीसच्या शोधात ही मंडळी कित्येक कासवे धरतात. पैसा पडतो तो थाप मारणाऱ्याच्या खिशात.

तेव्हा विनंती एवढीच. कासव धरू नये, पाळू नये, विकत घेऊ नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. गळाला किंवा जाळ्यात आले तर सोडून द्यावे. विहिरीत असेल किंवा जखमी दिसले तर वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे. मशागतीत अंडी लागली तर ती उलटीपालटी न करता माती परत लोटावी आणि तेवढी जागा पिले बाहेर पडेपर्यंत सोडावी. एक-दोन सऱ्या कमी लागल्या तर उताऱ्यात फारसा फरक पडणार नाही.