वेहळोलीची बातमी पॅरिसपर्यंत

मुंबई-नाशिक महामार्गाने मानस मंदिराच्या दर्शनास जाणाऱ्या आपल्या वाचकांस शहापूर तालुका परका नाही. तानसा आणि भातसाचे पाणी, सागाची राने, अलीकडे उभी राहिलेली फार्महाऊसे आणि रस्त्यापासून थोडे आत गेले की दिसणारी कोंबड्यांची लांबट शेडे, हे तेथील नित्याचे दृश्य आहे. याच तालुक्यातील वेहळोली गावात फेब्रुवारी २०२२ मध्ये पाळलेले सुमारे १०० पक्षी अचानक मेले. नमुने पुण्याच्या प्रयोगशाळेत गेले आणि कारण निघाले एच५एन१, अर्थात बर्ड फ्लू. जिल्हा प्रशासनाने एक किलोमीटर परिघातील सुमारे २५,००० पक्षी नष्ट करण्याचे ठरविले आणि केंद्रीय पशुसंवर्धन विभागास तसे कळविले.

रोगाने १०० गेले आणि रोग पसरू नये म्हणून २५,००० मारावयाचे. अहिंसेला परम धर्म मानणाऱ्या माणसाने हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. आपण मांसाहार करीत नाही, अंडी घरात आणीत नाही, केशवाणिज्यासारखा सजीवांचा व्यापार श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत मोजतो. तेव्हा कोंबड्यांच्या या प्रकरणाशी आपला संबंध काय, असे एखादा वाचक विचारील. मला वाटते, संबंध आहे आणि तो पहिल्या व दुसऱ्या अणुव्रतांच्या सांध्यावर आहे. दुसरा आकडा किती मोठा होणार हे पुष्कळ अंशी पहिला आकडा कोणी, कधी आणि किती खरेपणाने सांगितला यावर ठरते.

गावात मेलेल्या कोंबडीची बातमी कोणत्या वाटेने जाते, ते प्रथम पाहू. पक्षी पाळणारा ग्रामपंचायतीस किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवितो. तेथून जिल्हा, पुणे, आणि अंतिम खातरजमेसाठी भोपाळची उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळा. खातरजमा झाली की दिल्लीचा पशुसंवर्धन विभाग पॅरिस येथील जागतिक पशुआरोग्य संघटनेस कळवितो. नियमानुसार ही पहिली सूचना २४ तासांत जावी लागते आणि पुढे प्रादुर्भाव संपेपर्यंत पाठपुराव्याचे अहवाल द्यावे लागतात. ती नोंद जगातील कोणताही देश पाहू शकतो.

या पॅरिसच्या संघटनेचे मूळही आपल्याच भूमीशी जोडलेले आहे, हे मला वाचताना नवल वाटले. १९२० मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातून ब्राझीलकडे निघालेले वशिंडाचे गोवंशीय पशू बेल्जियममधील अँटवर्प बंदरातून गेले आणि त्यांच्याबरोबर गेलेल्या बुळकांडीने तेथील गुरांत हाहाकार माजविला. एका देशातील रोगाची वर्दी दुसऱ्याला वेळेवर मिळाली पाहिजे, या जाणिवेतून २५ जानेवारी १९२४ रोजी २८ देशांनी पॅरिसमध्ये करार केला. ज्या बुळकांडीमुळे संघटना जन्मली, ती बुळकांडी २०११ मध्ये जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. त्यात लसीचा वाटा मोठाच. पण शेवटचे रोगी जनावर कोठे आहे हे कोणीतरी सांगितल्यावाचून लस तरी कोठे टोचणार?

माणसांच्या रोगांची कथा याहून जुनी आहे आणि तिचा एक प्रमुख प्रवेश मुंबईच्या मांडवीत घडतो. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी मांडवीतील रुग्णांचा ताप म्हणजे गाठीचा प्लेग आहे, असे निदान केले. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारी आणि कच्छी-गुजराती व्यापाऱ्यांची दाट वस्ती. आपल्या समाजातील कित्येक कुटुंबांचे पूर्वज तेथेच राहत होते. बंदराच्या शहरात ‘प्लेग’ हा शब्द उच्चारणे म्हणजे व्यापारावर कुऱ्हाड, म्हणून आरंभी अधिकाऱ्यांनी तो शब्द टाळण्याचाच प्रयत्न केला. कारणेही नाना प्रकारची शोधली गेली. तानसाचे पाणी १८९२ मध्ये शहरात आले होते; त्याच्या निचऱ्याची सोय नसल्याने जमीन ओलावली आणि त्यातून रोग उपजला, असा दोषही काहींनी दिला. बिचाऱ्या तानसाचा यात काडीचा संबंध नव्हता. रोग उंदरांच्या पिसवांतून येत होता.

मुंबईच्या या प्लेगने युरोप इतका हादरला की १८९७ च्या आरंभी व्हेनिस येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. आपल्या प्रदेशात प्लेग आढळल्यास सरकारांनी एकमेकांना कळवावे, हे बंधन तेथील करारात आले. आज आपण ज्याला आंतरराष्ट्रीय रोगसर्वेक्षण म्हणतो, त्याच्या पायाचा एक दगड मांडवीच्या वखारींतून गेला आहे.

परंतु बंधन कागदावर असणे निराळे आणि खरे सांगणाऱ्याला संरक्षण मिळणे निराळे. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली. मृत्यू ५० च्या आसपास होते. पण लाखो लोकांनी शहर सोडले, अनेक देशांनी भारताची विमाने थांबविली, माल नाकारला. जागतिक आरोग्य संघटनेने अशा निर्बंधांची शिफारस केलेली नव्हती, तरीही ते लादले गेले, आणि देशाचे नुकसान १ अब्ज डॉलरहून अधिक झाल्याचे अंदाज पुढे निघाले. सुरतेशी व्यापाराचे नाते असलेल्या आपल्या ज्येष्ठांना ते दिवस आठवत असतील.

त्या काळी आंतरराष्ट्रीय नियमांनुसार कॉलरा, प्लेग आणि पीतज्वर हे तीनच रोग कळविणे बंधनकारक होते. २००३ मध्ये सार्स आला आणि ही यादी किती अपुरी आहे हे जगाला कळले. २००५ मध्ये नवे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम संमत झाले आणि १५ जून २००७ पासून अमलात आले. त्यांची रचना बँकेतील माणसाला ओळखीची वाटावी अशी आहे. प्रत्येक घटनेला चार प्रश्न विचारावयाचे: परिणाम गंभीर आहे काय, घटना अनपेक्षित आहे काय, दुसऱ्या देशात पसरण्याचा धोका आहे काय, प्रवास वा व्यापारावर निर्बंध येण्याची शक्यता आहे काय? दोन प्रश्नांची उत्तरे ‘होय’ आली की २४ तासांत जागतिक आरोग्य संघटनेस कळवायचे. काही रोगांना प्रश्नोत्तरांचीही गरज नाही. माणसात नव्या प्रकारचा फ्लू आढळला की एकच रुग्ण पुरे. २०२१ च्या जुलैमध्ये हरियाणातील एक बालक एच५एन१ ने दिल्लीच्या एम्समध्ये दगावले, तेव्हा हेच कलम लागू होते. आणखी एक तरतूद महत्त्वाची: संघटना आता केवळ सरकारी निवेदनावर अवलंबून नाही. वृत्तपत्रे, डॉक्टर, खासगी जाळी यांच्याकडून आलेली माहितीही ती तपासू शकते आणि संबंधित देशाकडे विचारणा करू शकते. म्हणजे लपविण्याने आज फार तर थोडा काळ मिळतो.

तरीही लपविण्याचा मोह का सुटत नाही? कारण सांगणाऱ्याला शिक्षा होते. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी दक्षिण आफ्रिकेने करोनाच्या नव्या प्रकाराची माहिती तत्परतेने जगापुढे ठेवली. दोन दिवसांत त्याचे ओमिक्रॉन असे नामकरण झाले, आणि त्याच सुमारास श्रीमंत देशांनी आफ्रिकेच्या दक्षिण भागातील विमाने बंद केली. आपणही यात निर्दोष नाही. अमेरिकेने आपल्या देशातील कमी घातक प्रकारच्या बर्ड फ्लूची नोंद जगाला कळविली असता भारताने त्या आधारे तेथील कुक्कुट उत्पादनांची आयात अडविली होती. जागतिक व्यापार संघटनेत २०१५ मध्ये अंतिम निकाल आपल्या विरुद्ध गेला. आपल्याकडे कोंबडी आली नाही याचे कोणाला समाधान वाटत असेल, तर ती गोष्ट वेगळी. परंतु प्रांजळ नोंदीलाच अडथळ्याचे कारण करावे, हे मला पटत नाही.

देशांचे जे होते, तेच गावातील शेतकऱ्याचे होते. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरचे उदाहरण यासाठी अभ्यासण्याजोगे आहे. भारतात पाळीव पक्ष्यांतील बर्ड फ्लूची पहिली अधिकृत घोषणा तेथूनच झाली, १८ फेब्रुवारी २००६ रोजी. पण कोंबड्या त्यापूर्वीच मरू लागल्या होत्या. पोल्ट्रीवाल्यांना ती मानमोडी, म्हणजे राणीखेत, वाटली. ही समजूत अगदीच निराधार नव्हती, कारण दोन्ही रोगांत पक्षी झपाट्याने मरतात आणि मानमोडी प्रत्येकाच्या ओळखीची. भोपाळचा अहवाल येईपर्यंत रोग शेडांतून शेडांत गेला होता. त्यानंतर जे झाले ते भयंकर होते. पांढऱ्या पोशाखातील पथके आली आणि लाखो पक्षी मारून पुरले गेले. सुदैवाने तेथे माणसांत लागण आढळली नाही.

कुक्कुटपालनाची कर्जप्रकरणे ज्याने हाताळली आहेत, त्याला या विलंबामागचे अर्थशास्त्र दिसते. नुकसानभरपाई मिळते ती शासनाने मारलेल्या पक्ष्यांची. रोगाने आधीच मेलेल्यांची नाही. हा नियम एका परीने योग्य आहे, कारण लवकर कळविणाऱ्याचे अधिक पक्षी भरपाईस पात्र ठरतात. पण करार पद्धतीत पिले, खाद्य आणि औषध कंपनीचे. शेड, वीज आणि घाम शेतकऱ्याचा. पक्षी मारल्यावर शेड निर्जंतुक करून काही काळ रिकामे ठेवावे लागते. त्या रिकाम्या शेडाच्या कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. मुरबाडच्या किंवा शहापूरच्या अल्पभूधारकाला हे पुरते ठाऊक असते. परसात आठ-दहा गावठी कोंबड्या पाळणाऱ्या ठाकूर वा कातकरी कुटुंबाचा तर प्रश्नच निराळा. त्यांच्या कोंबड्या म्हणजे अडीअडचणीला मोडावयाची त्यांची पुंजी. शेजाऱ्याच्या सांगण्यामुळे आपल्या निरोगी कोंबड्या जाणार असतील, तर शेजारी त्याला काय म्हणतील? या माणसाने खरे बोलावे असे वाटत असेल, तर भरपाई त्वरित आणि पुरेशी मिळाली पाहिजे व हप्त्यांना सवलत मिळाली पाहिजे. केवळ प्रबोधनाने हे होणार नाही.

तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रियेची, म्हणजे खोट्या लेखाची, गणना आहे. बँकेत आम्ही त्याचे एक रूप फार पाहिले: थकलेले खाते नव्या कर्जाने भरून ‘नियमित’ दाखवावयाचे. खाते बरे होत नाही, बुडणारी रक्कम तेवढी वाढते. शंका बर्ड फ्लूची असताना वहीत मानमोडी लिहिणे हे त्याच जातीचे. फरक इतका की येथे वाढणारा आकडा रुपयांचा नसून जिवांचा असतो. सरसकट कत्तलीचा मार्ग धर्मदृष्ट्या योग्य आहे, असे मी म्हणणार नाही. साधुसंतांनी आणि विद्वानांनी त्यावर जरूर मार्गदर्शन करावे. परंतु कायदा तसा असेतोवर, एका परसात थांबलेला रोग आणि दहा शेडांत पोहोचलेला रोग यांत हिंसेचा जो फरक पडतो, तो वर्दी देणाऱ्याच्या हाती आहे.

आणि वर्दी देणारा कोण? प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंध व नियंत्रणाचा २००९ चा केंद्रीय कायदा मालकापुरता थांबत नाही. ज्याच्या ताब्यात प्राणी आहे अशी अन्य व्यक्ती, स्वयंसेवी संस्था आणि ग्रामपंचायत यांच्यावरही संशयित रोगाची माहिती देण्याची जबाबदारी तो टाकतो. म्हणजे आपली पांजरापोळ त्यात आली, संक्रांतीच्या मांजाने जखमी झालेली पाखरे गोळा करणारी जीवदया मंडळे आली. ज्यांची शहापूर-मुरबाडकडे फार्महाऊसे आहेत, तेही आले. आपण स्वतः पक्षी पाळत नसलो, तरी आवार सांभाळणाऱ्या कुटुंबाच्या चार कोंबड्या तेथे असतात, तळ्यावर हिवाळ्यात पाहुणी बदके उतरतात, झाडावर कावळे असतात. त्यांपैकी काही एकाएकी मेले तर त्या कुटुंबाने प्रथम आपल्याला फोन करावा, इतका विश्वास त्यांच्या मनात हवा, आणि कोंबड्या गेल्यास त्यांचे मोल आपण देऊ, हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

पांजरापोळीत आणि पक्षी-उपचार केंद्रांत आलेल्या प्रत्येक पक्ष्याची तारीख, ठिकाण आणि लक्षणे वहीत लिहावीत. एकाच गावाहून आठवड्यात अनेक पक्षी आले, तर ती वही पशुधन विकास अधिकाऱ्यांना दाखवावी. करुणेपोटी उघड्या हातांनी पाखरू उचलणाऱ्या आपल्या मुलांना हातमोजे आणि मास्क द्यावेत. मेलेला पक्षी ओढ्यात किंवा तानसाच्या पाण्यात टाकू नये, स्वतः पुरूही नये. लहान मुले व कुत्री-मांजरे दूर ठेवून त्याच दिवशी ग्रामपंचायतीत आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे, आणि कोणाशी, किती वाजता बोलणे झाले, हेही त्या वहीत टिपून ठेवावे.