पडद्यावरचं वजन आणि प्रेक्षकांचा हशा

अमेरिकन सिटकॉममध्ये संवादामागून येणारा हशा, मग तो स्टुडिओतल्या प्रेक्षकांचा असो की ध्वनिमुद्रित, घरी बसलेल्याला कशावर हसायचं ते सांगत असतो. म्हणून तो नेमका कुठे येतो, हे तपासायला हवं. कॅनडातल्या फाउट्स आणि बर्गग्राफ या संशोधकांनी २००० साली अशा १८ मालिकांतल्या ३७ प्रमुख स्त्री-पात्रांचा अभ्यास मांडला. स्त्री जितकी जाड, तितके तिला पुरुष-पात्रांचे टोमणे अधिक, आणि टोमण्यापाठोपाठ हशा, असं त्यात आढळलं. ग्रीनबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००३मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवरची १,०१८ प्रमुख पात्रं तपासली. जाड पात्रांचं प्रमाण स्त्रियांत १४ टक्के आणि पुरुषांत २४ टक्के, म्हणजे प्रत्यक्ष समाजातल्या प्रमाणाच्या निम्म्याहून कमी निघालं. जाड स्त्रियांच्या वाट्याला प्रेमाचे प्रसंगही कमीच आले होते. जाड माणसावर एखादा विनोद झाला, एवढ्यावर माझा आक्षेप नाही. त्याला विनोदापलीकडचं आयुष्यच मिळत नाही, हा खरा अन्याय आहे.

‘फ्रेंड्स’ (१९९४-२००४) या मालिकेत हा अन्याय ठळक दिसतो. मोनिका हे त्यातलं एक प्रमुख पात्र पूर्वी जाड होतं; तो काळ दाखवताना सडपातळ अभिनेत्रीला कृत्रिम जाडीचा पोशाख चढवला जातो आणि तिचं खाणं, नाचणं हाच विनोद होतो. १९९८च्या एका भागात चँडलर हा दुसरा प्रमुख पात्र आपल्याला जाड म्हणाला, हे तिच्या कानावर पडतं. वर्षभरात ती बारीक होते आणि तोच तिच्याकडे ओढला जातो. अपमानाला असं फळ आलेलं दाखवणं मला टोमण्याहूनही घातक वाटतं. २०००मधल्या ‘असं घडलं असतं तर’ या धर्तीच्या कथेत जाड मोनिकालाही चँडलरचं प्रेम लाभतं, हे मान्य करायला हवं. पण तिथेही हशाचा मोठा भाग तिच्या देहावरच बेतलेला आहे.

विनोद शरीराची अतिशयोक्ती करतोच, मग जाडीचीच एवढी हळवी काळजी का, असं कुणी विचारेल. आपण ज्यांना जाड्या-रड्या म्हणून ओळखतो, त्या लॉरेल-हार्डीतच याचं उत्तर आहे. हार्डीच्या देहाचा उपयोग तिथेही होतो, पण हसू फुटतं ते त्याच्या ऐटीतून, साहेबी शिष्टाचारातून आणि वारंवार होणाऱ्या फजितीतून. त्याला स्वभाव आहे, म्हणून तो लक्षात राहतो.

दुसरा आक्षेप आरोग्याचा: थट्टेने तरी माणूस वजन कमी करील. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगाने याच्या उलट दाखवलं. जाड व्यक्तींची हेटाळणी करणारी दृश्यं पाहिलेल्या जाड स्त्रियांनी, साधी चित्रफीत पाहिलेल्या जाड स्त्रियांच्या तिपटीहून अधिक उष्मांक खाल्ले. लाज हे काही औषध नव्हे.

दुसरी वाट आहे, हेही पडद्यावर दिसलं आहे. ‘माइक अँड मॉली’ या मालिकेने (२०१०-१६) वजनावरचे विनोद सोडले नाहीत, तरी एका जाड जोडप्याचं प्रेम आणि संसार केंद्रस्थानी आणला. ‘श्रिल’ या मालिकेतली (२०१९-२१) जाड नायिका अ‍ॅनी तर बारीक होण्याची वाट न पाहता नोकरीत आणि प्रेमात आपला हक्क मागते. आपल्या मराठी स्किट-लेखकांनीही जाड पात्राला आधी इच्छा, राग, हुशारी आणि ऐट द्यावी. विनोद त्यातून आपोआप निघेल, आणि घरात बसून तो पाहणाऱ्या जाड मुलीलाही मनापासून हसता येईल.